अनाहूत विक्रेते आणि अनामिक कर्ते : धार-देवास परिसरातील दोन तक्रारी

आजच्या नागरी जीवनातील किरकोळ पण चिवट त्रासांचा विचार केला, तर दोन तक्रारी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतात. पहिली तक्रार अशी की, नको असलेली वस्तू, नको असलेले कर्ज आणि नको असलेली विमा पॉलिसी विकणारा माणूस दूरध्वनीवरून, पडद्यावरून किंवा बँकेच्या खिडकीआडून सतत पाठीशी लागलेला असतो. आणि दुसरी अशी की, माणूस मनापासून जे काही घडवतो, शोधतो किंवा सुधारतो, त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पहिली तक्रार ग्राहकहक्कांच्या सदरात जाते आणि दुसरी कलाक्षेत्रातील खंत म्हणून साहित्यसंमेलनांच्या ठरावांत जाते, त्यामुळे त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध सहसा तपासला जात नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१मध्ये असे दाखवून दिले होते की, माहिती जसजशी वाढत जाते तसतसे ती ग्रहण करणाऱ्याचे अवधान, म्हणजे लक्ष देण्याची क्षमता, दुर्मीळ होत जाते आणि दुर्मीळ वस्तूची वाटणी हा अखेर अर्थशास्त्राचाच प्रश्न ठरतो. हे मान्य केले, तर वरील दोन्ही तक्रारी एकाच वाटणीविषयीच्या आहेत असे दिसते, कारण ज्याच्याजवळ लक्ष विकत घेण्याची ऐपत आहे तो ते गरजेपेक्षा जास्त ओढून घेतो आणि ज्याचा सगळा वेळ काम करण्यातच जातो त्याच्या वाट्याला ते उरत नाही.

हा विचार पडताळून पाहण्यासाठी माळव्यातील धार आणि देवास ही दोन शहरे व त्यांचे जिल्हे विशेष सोयीचे आहेत. दोन्ही ठिकाणी पवार घराण्याची मराठी राज्ये स्वातंत्र्यापर्यंत टिकून होती. देवासमध्ये तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. दुसरे बाजीराव पेशवे यांचा जन्म १७७५मध्ये धारच्या किल्ल्यात झाला आणि इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचे खासगी सचिव म्हणून काम केले, एवढ्या गोष्टी मराठी वाचकाला साधारणपणे ठाऊक असतात. आज या दोन्ही शहरांवर शेजारच्या इंदूरच्या बाजारपेठेची छाया आहे. एका बाजूला पीथमपूर व देवास येथील औद्योगिक वसाहती, दुसऱ्या बाजूला ठशांनी कापड छापणारे कारागीर, कबीर गाणारी भजनी मंडळे आणि सरदार-दरकदारांच्या काळापासून येथे स्थायिक असलेली मराठी कुटुंबे, असा या प्रदेशाचा सध्याचा संसार आहे.

कर्त्याचे नाव कसे हरवते याचे धारमधील सर्वांत ठळक उदाहरण प्रत्यक्षात मुंबईत उभे आहे. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा रघुनाथ कृष्ण फडके या शिल्पकाराने घडवला. १८८४मध्ये वसईत जन्मलेले फडके पुढे धारला स्थायिक झाले, तेथेच त्यांनी अखेरपर्यंत काम केले, १९६१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांची शिल्पशाळा ‘फडके स्टुडिओ’ या नावाने धारमध्ये आजही ओळखली जाते. गणेशविसर्जनाच्या दिवशी त्या पुतळ्याच्या आसपास लोटणाऱ्या अफाट गर्दीपैकी किती जणांना शिल्पकाराचे नाव सांगता येईल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. कायद्याने मात्र ही उणीव ओळखलेली आहे. १९५७च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५७ निर्मात्याला काही ‘नैतिक हक्क’ देते, म्हणजे कलाकृतीची मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क त्याच्याजवळ राहतो; दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढून कोठारात टाकलेल्या भित्तिशिल्पाबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये पाच लाख रुपयांची भरपाई व शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आदेश दिला तो याच कलमाच्या आधारे. परंतु शिल्प जागेवर शाबूत असून केवळ शिल्पकार विस्मृतीत गेला असेल, तर त्यावर न्यायालयाकडे उपाय नसतो.

प्राचीन आणि मध्ययुगीन काळात कलावंत स्वतःच अनामिक राहणे पसंत करीत असत, असे एक समाधान अशा वेळी पुढे केले जाते. हे समाधान सोयीचे असले तरी धारच्या पुराव्यावर ते टिकत नाही. धार संस्थानातील शिक्षण खात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्या प्रयत्नांमुळे १९०३मध्ये धार येथे एक मोठा कोरीव शिलालेख उजेडात आला, ज्यात परमार राजा अर्जुनवर्मा याच्या गुरूने, मदन कवीने, तेराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे पहिले दोन अंक आहेत. त्या लेखात राजाचे आणि कवीचे नाव आहे यात नवल नाही. पण अक्षरे कोरणारा शिल्पी रामदेव हा सीहाक नावाच्या मूर्तिकाराचा मुलगा होता, हेही त्यात नोंदवलेले आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या राजदरबाराला दगडावर अक्षर काढणाऱ्याचे, इतकेच नव्हे तर त्याच्या वडिलांचेही नाव नोंदवणे योग्य वाटले होते. उलट देवासच्या बँक नोट प्रेसमधून, जी १९७४च्या सुमारास सुरू झाली आणि २००६पासून सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे, ज्या नोटा बाहेर पडतात त्यांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, मात्र वेरूळचे कैलास लेणे वीस रुपयांच्या नोटेवर बसवणाऱ्या किंवा सूक्ष्म रेषांची जाळी आखणाऱ्या चित्रकाराची ओळख कोठेही नसते. सुरक्षिततेच्या कारणास्तव ते समजण्यासारखे आहे. तरीही देशात सर्वाधिक हाताळली जाणारी चित्रकला हीच असावी आणि तिच्या कर्त्याची विचारपूस सर्वांत कमी होत असावी, ही गंमत नोंदवल्यावाचून राहवत नाही.

धार जिल्ह्याच्या नैऋत्य भागात बाग नावाचे गाव आहे, आणि या लेखाचा विषय तेथे जितक्या स्पष्टपणे उलगडतो तितका अन्यत्र क्वचितच उलगडत असेल. गावाजवळच्या बौद्ध लेण्यांत अजिंठ्याच्या तोडीची भित्तिचित्रे होती, जी ओल, धूर आणि वटवाघळे यांमुळे बरीचशी नष्ट झाली. त्या वेळी बाग ग्वाल्हेर संस्थानात होते, आणि संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या कारकिर्दीत १९२१च्या सुमारास या चित्रांच्या नकला करून घेण्यात आल्या. हे काम नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर यांनी केले असे कलेच्या इतिहासात सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण त्यांच्यासोबत आपटे, भोसले, भांड आणि जगताप अशा आडनावांचे मराठी चित्रकारही तेथे नकला करीत होते, ज्यांचा उल्लेख बहुतेक वेळा गळून पडतो. शांतिनिकेतनशी निगडित त्या तिघा चित्रकारांमागे एक चळवळ होती, नियतकालिके होती, त्यांच्याविषयी लिहिणारे समीक्षक होते. या चौघांमागे यांपैकी काहीच नव्हते. लेण्यांची चित्रे मुळात ज्यांनी काढली ते तर पूर्णपणे अज्ञात आहेत. १९२९च्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सापडलेल्या ताम्रपटात विहाराला गाव दान देणाऱ्या महाराज सुबंधूचे नाव आहे, चित्रकारांचे नाही. म्हणजे रामदेवाचा अपवाद मनात ठेवूनही असे म्हणावे लागते की, दात्याचे नाव टिकवण्याची व्यवस्था नेहमीच अधिक भक्कम राहिलेली आहे.

याच गावात कापडावर लाकडी ठशांनी होणारी छपाई ‘बाग प्रिंट’ म्हणून प्रसिद्ध आहे. ती करणारा खत्री समाज मूळचा सिंधमधला, जो राजस्थानमार्गे आणि नंतर मनावरहून बागला येऊन स्थिरावला. बागिनी नदीचे वाहते पाणी हे या स्थलांतराचे मुख्य कारण सांगितले जाते. या छपाईची रीत समजून घेतल्याशिवाय तिच्या विक्रीतील अडचण कळत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कोरे कापड प्रथम खार, एरंडेल तेल आणि शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात भिजवून, तुडवून व वाळवून मऊ आणि शोषक केले जाते, त्यानंतर ते हिरड्याच्या पाण्यात बुडवले जाते, ज्यामुळे त्यावर टॅनिन या तुरट द्रव्याचा पिवळसर थर बसतो. मग सागवानी किंवा शिसवी ठशांनी दोन वेगवेगळे लेप छापतात, जेथे लाल रंग हवा तेथे तुरटीचा आणि जेथे काळा हवा तेथे लोहक्षाराचा. हे लेप स्वतः रंग नसतात. ते रंगबंधक असतात, म्हणजे पुढे येणाऱ्या रंगाला धाग्याशी पक्के बांधून ठेवणारी द्रव्ये असतात. छापलेले कापड काही दिवस मुरू दिल्यावर ते वाहत्या पाण्यात धुतात, आणि शेवटी तांब्याच्या मोठ्या हंड्यात ॲलिझरीन व धायटीची फुले घालून तासन्‌तास उकळतात, तेव्हा कोठे तुरटीच्या जागी लाल रंग उमटतो. नदीवर धुताना थोडी घाई झाली तर लेप पसरतो, हंड्याखालचा जाळ कमी-जास्त झाला तर सबंध थान मंद पडते, आणि यांपैकी कोणतीही चूक शेवटच्या उकळीपर्यंत नीट दिसत नाही. एकेक कापड तयार व्हायला काही आठवडे लागतात ते यामुळे.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. बाग प्रिंटची जाहिरात करताना ती शंभर टक्के वनस्पतिजन्य रंगांची आहे असे सर्रास सांगितले जाते. ॲलिझरीन हे द्रव्य पूर्वी आलाच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळांपासून मिळत असे हे खरे, परंतु जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लीबरमान यांनी १८६८मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केल्यापासून कारखान्यात बनलेल्या ॲलिझरीननेच जगभरची बाजारपेठ व्यापली आहे, आणि हाताने छपाई करणारेही बहुतांशी तेच वापरतात. कारागिराच्या कौशल्याला त्यामुळे काहीच कमीपणा येत नाही. मात्र त्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी विक्रेता जे विशेषण वापरतो ते कारागिराच्या खऱ्या गुणावरून लक्ष उडवून दुसरीकडेच नेते. हात, पाणी आणि वेळ यांवरील पकड हा त्या कामाचा खरा गुण आहे, पण तो एका शब्दात विकता येत नाही.

बागच्या छपाईचे मूळ गिऱ्हाईक शहरातले नव्हते. भिल्ल, भिलाला आणि इतर स्थानिक समाजांतील स्त्रिया लुगड्यासाठी व घागऱ्यासाठी हे कापड घेत, आणि कोणत्या समाजाचा कोणता ठसा हे ठरलेले असे. गिरणीचे स्वस्त छापील सिंथेटिक कापड गावच्या आठवडी बाजारात पोहोचल्यावर हे गिऱ्हाईक ओसरले, तेव्हा चादरी, साड्या व ओढण्या यांकडे वळून ही कला शहरी आणि परदेशी खरेदीदारांपर्यंत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने इस्माईल सुलेमान खत्री यांना दिले जाते. पुढे २००८-०९ या वर्षात बाग प्रिंटला भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या मालाची ख्याती विशिष्ट ठिकाणाशी निगडित असेल तर त्या नावाचा वापर तेथील अधिकृत उत्पादकांपुरता राखून ठेवणारे कायदेशीर संरक्षण. १९९९च्या संबंधित अधिनियमात खोटे मानांकन वापरणाऱ्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. असे असूनही मांडूच्या पर्यटन-बाजारात आणि इंटरनेटवरील दुकानांत यंत्राने स्क्रीन-छपाई केलेले कापड ‘बाग’ या नावाने खुशाल विकले जाते, कारण तक्रार करणे, नमुने गोळा करणे आणि खटला लढवणे हे काम ज्याने करायचे तो माणूस त्या वेळी नदीवर किंवा भट्टीजवळ असतो. इंटरनेटच्या दुकानात तर आणखी एक अडचण असते. शोध घेतल्यावर सर्वांत वर जो माल दिसतो तो पुष्कळदा पैसे भरून वर आणलेला असतो, आणि ज्याने यंत्रामुळे उत्पादनखर्चात बचत केली आहे त्यालाच ते पैसे भरणे परवडते. गुणवान कारागिराची उपेक्षा आणि ग्राहकाच्या डोळ्यांवर मारा करणारी विक्री या दोन गोष्टी येथे एकाच पडद्यावर, एकाखाली एक अशा पाहायला मिळतात.

देवासची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे उपेक्षित राहू शकणारी निर्मिती एका मोठ्या कलावंताच्या कानावर पडली. कुमार गंधर्व क्षयरोगाने आजारी होऊन १९४८च्या जानेवारीत देवासला राहायला आले, तेव्हा ते चोवीस वर्षांचेही नव्हते, आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. या काळात अंथरुणावरून त्यांनी माळव्यातील बायकांची लग्नगीते, ऋतुगीते आणि फिरत्या साधूंची निर्गुणी भजने ऐकली, पुढे त्यांच्या चाली टिपून घेतल्या, आणि त्यांतील काही चालींमध्ये रागाचे बीज आहे असे ओळखून त्यांपासून नवे राग सिद्ध केले. या रागांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हणजे लोकधुनेतून उगवलेले राग असे म्हटले. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार ही त्यांची काही नावे, आणि १९६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह आल्या. या शब्दयोजनेचे महत्त्व पुरेसे सांगितले गेलेले नाही. रागाला स्वतःचे नाव देऊन मोकळे होण्याची पूर्ण मुभा असताना त्याच्या वर्गनामातच उगमाची कबुली नोंदवून ठेवणे हे रामदेवाचे नाव शिलालेखात घालण्याइतकेच दुर्मीळ आहे. तरीही या कबुलीला मर्यादा होती, कारण ती धून गाणारी विशिष्ट बाई कोण होती हे नोंदले गेले नाही; तिच्यापुरती धून ही कोणा एकाची नसून सगळ्यांची होती, आणि असे असताना श्रेय नेमके कोणाला द्यायचे या प्रश्नाला संगीतशास्त्रात आजही उत्तर नाही.

याच घरातील दुसरे नाव कुमार गंधर्वांच्या पत्नी भानुमती यांचे. देवधरांच्या संगीतविद्यालयात तयार झालेल्या भानुमती स्वतः गायिका होत्या, आणि पतीच्या आजारपणात त्यांनी देवासमध्ये शिक्षिकेची नोकरी करून संसार चालवला, शुश्रूषा केली. १९६१मध्ये त्यांचे निधन झाले. कुमारजींच्या देवासमधील ‘भानुकुल’ या घराच्या नावात त्यांची आठवण आहे, पण त्यांच्या स्वतःच्या गाण्याविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले ते कुमारजींविषयीच्या लेखनाच्या तुलनेत नगण्यच म्हणावे लागेल. कलेच्या क्षेत्रातील उपेक्षा बाजार करतो तशी ती घर, जात आणि लिंगभावही करतात, हे विसरून चालणार नाही. देवास जिल्ह्यातील कबीरगायक कालूराम बामनिया यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. माळव्यातील खेड्यापाड्यांत, मुख्यतः दलित वस्त्यांमध्ये, रात्र-रात्र चालणाऱ्या या गायनपरंपरेला इतक्या मोठ्या व्यासपीठावर ओळख मिळायला किती काळ जावा लागला, हे लक्षात घेतले तर अशा सन्मानाचा आनंद आणि उशिराची बोच एकत्रच येतात.

माळव्यातील मुलींचा ‘संजा’ हा सण याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. खानदेश-विदर्भातील भुलाबाईशी आणि पश्चिम महाराष्ट्रातील भोंडल्याशी नाते सांगणाऱ्या या सणात पितृपक्षाच्या दिवसांत मुली भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात, ती फुलांनी सजवतात आणि गाणी म्हणतात. आता छापील कागदी संजा बाजारात विकत मिळते, जी भिंतीला चिकटवली की काम झाले. सिमेंटच्या भिंती, शहरात न मिळणारे शेण आणि शाळेच्या वेळा पाहता आईवडिलांना दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि दरवर्षी हजारो मुली जी चित्रे स्वतः काढीत होत्या, त्यांच्या जागी एकाच साच्यातील चित्र आले आणि त्याची किंमत मोजावी लागू लागली, ही वस्तुस्थिती आहे.

आता विक्रीच्या बाजूकडे वळायला हवे. आग्रही विक्री ही आधुनिक काळाची निर्मिती नाही. देवासच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी या दोन देवींच्या दर्शनाला जाणाऱ्यांना पायथ्याशी नारळ-चुनरीवाले हाका मारतात, मांडूत गाडी थांबताच गोरखचिंचेची फळे विकणारे पुढे येतात, आणि या आग्रहाचा त्रास होतो हेही खरे. परंतु त्या विक्रेत्याचा चेहरा दिसतो, त्याला नाही म्हणून पुढे जाता येते, आणि नारळ नासका निघाला तर परत येऊन भांडता येते. दूरध्वनीवरून होणाऱ्या विक्रीत यांपैकी एकही सोय उरत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७मध्ये नको असलेल्या कॉलसाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, २०१०मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये नियम कडक केले, जाहिरातीच्या कॉलसाठी १४०ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले. तरीही विक्रेते साध्या दहा आकडी क्रमांकावरून बोलतात आणि एक क्रमांक बंद झाला की दुसरा घेतात. यात एक मूलभूत विषमता आहे: हजार जणांना फोन करण्याचा खर्च विक्रेत्याला किरकोळ येतो, आणि हजार जणांचे जे मोडलेले वामकुक्षीचे, स्वयंपाकाचे किंवा रियाजाचे क्षण असतात त्यांची किंमत कोणाच्याच हिशेबवहीत चढत नाही.

माळव्यात या प्रकाराला एक खास स्थानिक रूप मिळाले. सेबी या भांडवली बाजाराच्या नियंत्रकाने २०१३मध्ये गुंतवणूक-सल्लागारांसाठी नोंदणीचे विनियम आणल्यानंतर इंदूरमध्ये अशा सल्लागार कंपन्यांची मोठी गर्दी झाली, आणि पुढील काही वर्षांत शेअरच्या ‘टिप्स’ दूरध्वनीवरून विकणारे इंदूरचे कॉल देशभर ओळखीचे झाले. त्यांपैकी अनेकांवर सेबीने जे आदेश काढले त्यांत एकच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो: आधी लहान शुल्क, मग खात्रीच्या नफ्याचे आश्वासन, मग आधीची सेवा पूर्ण होण्यापूर्वीच तिच्यापेक्षा वरची सेवा घेण्याचा आग्रह, आणि निवृत्त किंवा अल्प उत्पन्न असलेल्या माणसाकडून त्याच्या एकूण गुंतवणुकीच्या मानाने अवाजवी रक्कम. २०२०मध्ये सेबीने सल्ला आणि विक्री यांची फारकत अधिक काटेकोर केली व ठरावीक शुल्काच्या पद्धतीत एका कुटुंबाकडून वर्षाला घेता येणाऱ्या शुल्कावर सव्वा लाख रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा या धंद्याला काहीसा आळा बसला.

पण फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असते, हा प्रश्न या चर्चेत क्वचित विचारला जातो. तेथे बहुधा नुकताच पदवीधर झालेला, आसपासच्या लहान शहरातून आलेला तरुण किंवा तरुणी असते, जिच्यासमोर छापील संवाद असतो आणि डोक्यावर महिन्याचे ‘टार्गेट’ असते. माळवी वळणाची बोली बाजूला सारून क्षणात ठाशीव हिंदी किंवा मोडकीतोडकी मराठी बोलणे, समोरच्याच्या आवाजावरून त्याचे वय आणि मनःस्थिती ओळखणे, तुटत आलेले संभाषण सावरणे, ही सगळी खरीखुरी कौशल्ये आहेत. एखाद्या नाट्यसंस्थेने किंवा आकाशवाणी केंद्राने ती हुडकली असती तर त्यांचे कौतुक झाले असते. ज्याचा राग येतो तो अनाहूत विक्रेता स्वतःच उपेक्षित कर्ता असतो, आणि या लेखाच्या आरंभी मांडलेल्या दोन तक्रारी अशा रीतीने एकाच माणसात येऊन मिळतात. म्हणून त्याच्यावर ओरडून मिळणारे समाधान क्षणिकच नव्हे तर चुकीच्या पत्त्यावर पाठवलेलेही असते. टार्गेट ठरवणारा त्या फोनवर कधीच येत नाही.

कारखान्यांतही फारसे निराळे घडत नाही. पीथमपूर किंवा देवासच्या वसाहतीत एखाद्या फिटरने यंत्राला छोटीशी जोड देऊन उत्पादनातील नासाडी वाचवली, तर सूचनापेटीच्या योजनेतून त्याला प्रमाणपत्र आणि भेटवस्तू मिळते, क्वचित सूचनाफलकावर छायाचित्र लागते. जर्मनीत कामगाराने लावलेल्या शोधाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे असे सांगणारा स्वतंत्र कायदा १९५७पासून आहे; भारताच्या १९७०च्या पेटंट अधिनियमात अशी तरतूद नाही आणि सगळे नोकरीच्या करारावर सोपवलेले आहे. हा करार कोण कोणाला लिहून देतो हे सांगायला नको.

पडद्यावरील विक्रीने तर आग्रहाची जागा फसव्या रचनेला दिली आहे. केंद्र सरकारने २०१९च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाने स्वतःच्या हिताविरुद्ध निर्णय घ्यावा अशा बेताने केलेली संकेतस्थळाची किंवा ॲपची मांडणी. त्यात असे तेरा प्रकार दिले आहेत, ज्यांत ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेला विमा किंवा देणगी, सहज घेता येणारे पण सोडताना नाकीनऊ आणणारे सदस्यत्व, आणि नकार दिला तरी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारणे, यांचा समावेश आहे. यादी उपयुक्त आहे. पण ती वाचून कोणालाही असे वाटेल की, इतकी कल्पकता, इतका मानसशास्त्राचा अभ्यास आणि इतकी रेखीव मांडणी बागच्या ठशांना मिळाली असती तर काय झाले असते. आजच्या काळात सर्जनशीलतेची कमतरता आहे असे म्हणणे म्हणूनच पटत नाही. तिला चांगला पगार देणारे गिऱ्हाईक बदलले आहे.

बँकेतून होणाऱ्या गैरविक्रीचा, म्हणजे ठेव म्हणून सांगून विमा गळ्यात मारण्याचा, अनुभव लहान शहरांतील निवृत्तिवेतनधारकांना विशेष येतो, कारण त्यांचा बँकेतील माणसावर अजून विश्वास असतो. अशा प्रसंगी दोन गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. २०२४च्या नियमांनुसार विमा पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कारण देऊन परत करता येते व किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. आणि नको असलेल्या व्यापारी कॉलची तक्रार १९०९ या क्रमांकावर ७ दिवसांच्या आत करता येते, त्यासाठी आधी नोंदवहीत नाव घातलेले असणेही २०२५च्या दुरुस्तीनंतर आवश्यक राहिलेले नाही.

कर्त्याच्या बाजूने वाचकाला करता येण्यासारखी गोष्ट याहून सोपी आहे. मांडूला किंवा एखाद्या हस्तकला प्रदर्शनात बागचे कापड घेताना ते उलटे करून पाहावे: ठशाचे आणि उकळीचे काम असेल तर रंग पाठीमागेही चांगला उतरलेला दिसतो आणि एका ठशाला दुसरा जेथे भिडतो तेथे केसभर फरक आढळतो; यंत्राच्या स्क्रीन-छपाईत मागची बाजू बहुधा फिकी असते आणि सांधा तंतोतंत जुळलेला असतो. एवढी खात्री झाल्यावर ते कोणी छापले हे दुकानदाराला विचारावे, आणि त्याला सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात जावे.